विलीजची शिट्टी

हेनोव्हा, किंदीओ, कोलंबिया
२१ जानेवारी १९७९

प्रिय लिबार्दो,

तुझं नाताळचं पत्र पोचलं. आतला फोटो बाबांनी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलाय. म्हणाले, माराकाइबोला जाऊन पोरगा वाळला. मी म्हटलं, वाळला नाही, केस कापलेत. तरी जाता-येता बघतात.

आता कामाचं. आपली विलीज जीप बिघडली आहे आणि बाबांना ते मान्य नाही. चौकात माणसं भरायला उभी केली की इंजिन एका चालीवर राहत नाही. आवाज चढतो, पडतो, पुन्हा चढतो, जसं बाळंतिणीच्या खोलीबाहेर कोणी येरझारा घालतंय. बॉनेटखालून बारीक शिट्टी येते. चढावर दम टाकते, उतारावर पाय काढला की सायलेन्सरमधून फटाके. चोक अर्धा ओढून ठेवला की जरा शहाण्यासारखी वागते, म्हणून बाबा हल्ली चोक ओढूनच चालवतात आणि पेट्रोल पाण्यासारखं जातं. बाबा म्हणतात, पेट्रोलच खराब येतंय. चौकातले बाकीचे ड्रायव्हर म्हणतात, कार्बोरेटर. तो दोनदा उघडून धुतला, फरक शून्य.

तू गेल्यापासून मागच्या फळीवर मीच उभी असते. भाडं घेते, पोती चढवते, आणि चढावर गाडी थांबली की उडी मारून मागच्या चाकाला दगड लावते. पूर्वी हा दगड कधीतरी लागायचा. आता रोज लागतो. सोळा माणसं आणि कॉफीची पोती घेऊन एल मिराडोरचा रस्ता चढायचा, एका बाजूला दरी. मला रात्रीही ती शिट्टी ऐकू येते.

तुझ्या गॅरेजात असल्या गाड्या येत असतील. काय असेल, कळव. लवकर कळव.

तुझ्या बायकोबद्दल विचारलंस. निदिया तिच्या आईकडे, वर एल मिराडोरलाच आहे. बरी आहे. तुझी पत्रं तिला मी स्वतः नेऊन दिली.

तुझी बहीण,
ओर्फिलिया

*

माराकाइबो, व्हेनेझुएला
९ फेब्रुवारी

ओर्फिलिया,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. कार्बोरेटरला हात लावू नका. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. गाडी हवा ओढतेय.

नीट समजून घे, म्हणजे बाबांशी वाद घालता येईल. इंजिन हवा पितं. ती सगळी हवा कार्बोरेटरच्या तोंडातूनच आली पाहिजे, कारण तिथेच तिच्यात पेट्रोल मापाने मिसळतं. कार्बोरेटरपासून इंजिनापर्यंत ती नेणारा फाटे फुटलेला बिडाचा नळ आहे ना, तो मॅनिफोल्ड. तो इंजिनाच्या अंगाला टेकतो तिथे बीड बिडाला कितीही आवळलं तरी पुरतं चिकटत नाही. म्हणून मध्ये पातळ पॅकिंग असतं, गॅस्केट. ते चेपलं, जळलं, की फटीतून चोरटी हवा आत शिरते. तिच्यात पेट्रोल नसतं. मिश्रण पातळ होतं, इंजिन उपाशी राहतं आणि उपाशी माणसासारखं चिडचिड करतं. चोक ओढला की पेट्रोल जास्त जातं, म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आणि शिट्टी म्हणजे त्या फटीचं तोंड.

खात्री अशी कर. इंजिन कोमट असू दे, मंद चालीवर ठेव. वाटीत साबणाचं पाणी घे आणि ब्रशने त्या सांध्यावर हळूहळू लाव. जिथे लावल्यावर शिट्टी थांबेल आणि चाल क्षणभर सुधारेल, तिथे फट आहे. कोणी पेट्रोल शिंपडून बघू म्हणालं तर त्याला चौकातून हाकलून दे. धुराचा नळ तिथेच शेजारी तापलेला असतो, गाडी पेटेल.

आणि गाडी गरम असताना नट आवळायचे नाहीत. थंड झाल्यावर, मधल्या नटापासून सुरुवात करून बाहेर जायचं, थोडं थोडं, सगळ्यांना सारखं. बाबांना हे पटणार नाही. त्यांना जोर लावला की काम झालं असं वाटतं.

इथे झोप लागत नाही. खोलीत आम्ही सहा जण, पंखा एकाच्याच अंगावर. उठून गल्लीच्या टोकापर्यंत जातो, परत येतो. निदियाला मी चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. 'बरी आहे' म्हणजे काय? रागात बरी आहे, की मला विसरून बरी आहे?

लिबार्दो

*

हेनोव्हा
४ मार्च

प्रिय लिबार्दो,

तू म्हणालास ते खरं निघालं. पुढच्या टोकाला साबणाचं पाणी लावलं आणि ते फस्सकन आत ओढलं गेलं. शिट्टी गप्प, इंजिन सुतासारखं सरळ. पाणी वाळलं, पुन्हा येरझारा. मी बाबांना बोलावून दाखवलं. ते वाकून बघत राहिले, मान हलवली आणि पान्हा आणायला गेले.

मी सांगितलं, थंड होऊ द्या. म्हणाले, तुझ्या जन्माआधीपासून मी ही गाडी चालवतोय. पान्ह्याला पाइप लावला आणि पुढच्या टोकापासून आवळायला सुरुवात केली. तिसऱ्या झटक्याला कटकन आवाज झाला. मॅनिफोल्डचा कान, नट बसतो ती पाळी, तडकला. चौकात समोरच्या बाकावर बसलेली माणसं वळून बघायला लागली इतका तो आवाज होता. बाबांनी हात पुसले आणि म्हणाले, आता बसलं.

मी विचारलं, आवाज नाही आला? म्हणाले, कसला आवाज?

लिबार्दो, बाबांना ऐकू येत नाही. म्हणून त्यांच्या लेखी शिट्टीच नव्हती. माणसं 'थांबवा' म्हणून ओरडतात तेव्हा मी मागून बाबांच्या खांद्यावर थाप मारते, हे किती महिने चाललंय मला आठवत नाही. हाताला सवय लागली आणि डोक्याला कळलंच नाही. त्यांना मी अजून काही बोललेले नाही. कसं बोलायचं ते तू सांग.

परवा कोपराच्या वळणावर गाडी बंद पडली आणि मागे सरकली. ब्रेक होता, पण पोत्यांचं वजन होतं. दगड पहिल्या वेळी चाकाखालून निसटला. दुसरा लागला. माणसं उड्या मारून उतरली, एका बाईच्या कडेवर मूल होतं. सगळी उरलेला रस्ता पायी गेली. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून होते.

हे दुरुस्त व्हायलाच हवं आणि मे महिन्याच्या आत व्हायला हवं. पावसात दुसऱ्या कोणाची गाडी एल मिराडोरपर्यंत चढत नाही, तुला माहीत आहे. नवा मॅनिफोल्ड इथे मिळत नाही. आर्मेनिया शहरात जाऊन विचारलं, तिथेही नाही.

ओर्फिलिया

*

एल मिराडोर
मार्च, रविवार

ओर्फिलिया,

दूधवाल्याबरोबर ही चिठ्ठी पाठवते आहे. वाचून चुलीत टाक.

त्याला कळवू नकोस. तू शपथ घेतली आहेस. दिवस गेल्याचं मला कळलं त्याच संध्याकाळी तो तिकीट काढून आला. मी बोलले असते तर तो थांबला असता, आणि जन्मभर माझ्याकडे चाकाखालच्या दगडासारखं बघितलं असतं. त्याला यायचं असेल तर माझ्यासाठी येऊ दे. मूल आहे म्हणून आला तर ते मला नको.

सुईण म्हणाली, मूल आडवं आहे. अजून वळेल म्हणते. नाही वळलं तर खालच्या इस्पितळात न्यावं लागेल. आई दिवसातून तीनदा रस्त्याकडे बघते आणि मला सांगते की ती हवामान बघतेय.

गाडीचं काय झालं?

निदिया

*

माराकाइबो
२५ मार्च

ओर्फिलिया,

बाबांचं वाचून काम सुचेना. मी तिथे असताना ते मला दोनदा-दोनदा 'काय' विचारायचे आणि मी चिडायचो. त्यांना सरळ सांग, पण चौकात नको, घरात. आणि समोर बसून सांग, ओठ दिसतील असं.

आता मॅनिफोल्ड. कान तडकला असेल तर नुसतं पॅकिंग बदलून भागणार नाही. झाळून घेता येईल, पण बीड आहे, घाईने झाळलं की दुसरीकडे तडकतं. दुसरा उपाय आहे. निदियाच्या आईच्या, डोन्या बेत्साबेच्या परसात तिच्या नवऱ्याची मेलेली विलीज आहे, जिच्यात कोंबड्या बसतात. तेच साल, तेच इंजिन. सासूबाईंचं माझ्याबद्दल काय मत आहे ते मला माहीत आहे, म्हणून माझं नाव काढू नकोस.

नट निघणार नाहीत, रॉकेल लावून रात्रभर सोड. काढल्यावर मॅनिफोल्डचं तोंड सपाट काचेवर पालथं ठेव. डुगडुगला तर वाकडा आहे, घासून घ्यावा लागेल. जुनं पॅकिंग बोथट सुरीने खरवड, चरा पडता कामा नये. नवं पॅकिंग मी आमच्याकडच्या हिल्दार्दोबरोबर पाठवतोय, तो इस्टरच्या पवित्र आठवड्यासाठी घरी येतोय. तो विसरला किंवा त्याने वाट लावली, तर पॅकिंगचा जाड कागद आण, मॅनिफोल्डच्या तोंडावर धर आणि हातोडीच्या गोल बाजूने कडेकडेने हलके ठोक. कड उमटते आणि आपोआप कापली जाते. गाडी चालवून गरम कर, थंड होऊ दे, पुन्हा आवळ. काही दिवसांनी आणखी एकदा. पॅकिंग बसत जातं तसे नट सैल पडतात, हेच लोक विसरतात.

आता मला एक सांग. मे महिन्याच्या आत का? बाबांसाठी म्हणावं तर बाबा आजही तेवढेच धोक्यात आहेत. आठवड्यातून चार वेळा तू एल मिराडोरला जातेस असं हिल्दार्दोच्या बहिणीने लिहिलंय. पोती तेवढी नाहीत. कोण आहे वर? त्या शाळामास्तरबद्दल मी ऐकलं होतं. मेमध्ये लग्न ठरलं असेल तर भावाला सांगायचं असतं, चढाचं निमित्त करायचं नसतं. मी चिडणार नाही. मास्तर चांगला आहे, फक्त दात पुढे आहेत.

आणि हिल्दार्दोच्या बहिणीने आणखी एक लिहिलंय. निदिया चर्चमध्ये मिस्सेला येत नाही, खाली गावात दिसत नाही. ती आजारी आहे का? की ती दुसऱ्या कोणाच्या घरात आहे आणि तुम्ही सगळे मिळून माझ्यापासून लपवताय? यातलं काय ते सांग. मी इथे भिंती मोजतोय.

लिबार्दो

*

हेनोव्हा
२२ एप्रिल

प्रिय लिबार्दो,

आधी तुझं पॅकिंग. हिल्दार्दोने ते बॅगेत दुमडून आणलं, दोन तुकडे झाले. तो म्हणाला, कागदच आहे ना, चिकटवून घ्या. मी त्याला गुळाचं गरम पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

मास्तरचं म्हणशील तर तो इस्टरला आपल्या बायकोला घेऊन आला. ती त्याच्याहून उंच आहे. तेव्हा तो विषय बंद कर.

डोन्या बेत्साबेकडे गेले. तुझं नाव काढलं नाही, पण तिनेच काढलं. कोंबड्यांना दाणे टाकत होती, मान वर न करता म्हणाली, "तुझ्या भावाने जाताना मागे टाकलंय ते मी सांभाळतेय. आता माझ्या कोंबड्यांचं घरही मोडायला आलीस?"

मी म्हटलं, मॅनिफोल्ड काढला तरी कोंबड्या बसू शकतील. म्हणाली, तुमच्या घरात सगळ्यांना असंच वाटतं, मधलं काही काढून नेलं तरी बाकीचं चालू राहील. मग दाण्यांचा डबा खाली ठेवला आणि बराच वेळ बॉनेटकडे बघत राहिली. तिचा नवरा गेल्यापासून ते कोणी उघडलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "ने. पण मी निरोप पाठवीन त्या क्षणी गाडी इथे हवी. मध्यान्ह असो, पाऊस असो, चौकात माणसं भरलेली असोत. भरलेली उतरवून यायचं." मी कबूल केलं. तू 'का' विचारू नकोस. मी सांगणार नाही.

नट रॉकेल पिऊन दुसऱ्या दिवशी निघाले, एक सोडून, तो कापावा लागला. आत गंज आणि कोंबड्यांची पिसं. जुना थर निदियाने खरवडला. बसून करायचं काम होतं म्हणून तिने घेतलं. दुपारभर सुरी चालवत होती, एकही चरा नाही. काचेवर ठेवला तर जरासा डुगडुगला. मी आणि बाबांनी आळीपाळीने पॉलिश पेपरवर घासला. नवं पॅकिंग मी ठोकून कापलं. पहिलं फुकट गेलं, भोकं मोठी झाली. दुसरं बसलं.

बाबांशी बोलले. घरात, समोर बसून. ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं. मग विचारलं, आणखी कोणाला माहीत आहे? मी म्हटलं, कोणाला नाही. म्हणाले, चौकात सांगू नकोस, मीच सांगेन. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात गेले आणि सगळ्या ड्रायव्हरांसमोर किल्ली माझ्या हातात दिली. कोणीतरी हसलं. एक जण म्हणाला, आता विलीजला परकर घाला. बाबांना ते ऐकू आलं नाही आणि त्याचं मला बरं वाटलं. ते माझ्या शेजारी येऊन बसले. आता ते बसतात, मी चालवते.

शिट्टी गेली. चोक आत. पण जीव शांत नाही, रोज संध्याकाळी गाडी थंड झाली की पान्हा घेऊन बघते.

निदिया दुसऱ्या कोणाच्या घरात नाही. एवढं मी सांगू शकते.

ओर्फिलिया

*

माराकाइबो
१५ मे

ओर्फिलिया,

तुझं पत्र तीनदा वाचलं. गाडीचं सगळं कळलं, माणसांचं काहीच नाही.

'तू विचारू नकोस, मी सांगणार नाही.' 'एवढं मी सांगू शकते.' ही काय भाषा झाली? मी परका झालो का? निदियाने माझ्या मॅनिफोल्डवर दुपारभर सुरी चालवली आणि मला चार ओळी लिहायला तिला हात नाही. मी जाताना ती दारात उभी होती. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं तिने. मी म्हटलं, बस सुटेल. तेच पुन्हा पुन्हा आठवतं आणि मी उठून बसतो.

तळ्यापलीकडे काबीमासला तेलाच्या कामावर दोन वर्षांचा करार मिळतोय. पंपांची देखभाल. जूनच्या मध्यावर सही करायची आहे. सही केली की दोन वर्षं सुट्टी नाही. माझी तिकडे कोणी वाट बघत नसेल तर मी सही करतो, म्हणजे हे येरझारा घालणं तरी संपेल. हे निदियाला सांग किंवा सांगू नकोस. तुम्ही काय सांगता आणि काय नाही, ते मला कळेनासं झालंय.

बाबांना सांग, त्यांनी किल्ली दिली ते चांगलं केलं.

लिबार्दो

*

हेनोव्हा, इस्पितळ
३१ मे

लिबार्दो,

तुझं पत्र ओर्फिलियाने मला काल वाचायला दिलं. ती तार करते म्हणत होती, मी नको म्हटलं. तारेत मावणारं नाही हे.

तुला मुलगी झाली आहे. मंगळवारी दुपारी. मी तुला सांगितलं नव्हतं, ओर्फिलियाला शपथ घातली होती, तिला दोष देऊ नकोस. का नाही सांगितलं ते भेटलास तर सांगेन. कागदावर ते वाईट दिसतं.

झालं असं. मूल वळलंच नाही. मंगळवारी सकाळी पाणी गेलं. आईने दूधवाल्याच्या पोराला घोड्यावर खाली पिटाळलं. रात्रभर पाऊस पडला होता. ओर्फिलिया चौकात माणसं भरत होती, तिने सगळ्यांना उतरवलं आणि रिकामी गाडी घेऊन निघाली. तुझे बाबा शेजारी. चढताना ती कुठेही थांबली नाही, असं ती म्हणते. मी चुलीजवळ पडल्या पडल्या आवाज ऐकला. आई म्हणाली, आली. मला खात्री वाटेना, कारण फटाके नव्हते.

मला मागे गादीवर घातलं, आई डोकं धरून बसली. उतरताना कोपराच्या वळणाखाली दरड आली होती. रस्ताभर चिखल आणि मध्ये एक पेरूचं झाड. पलीकडून माणसं कुऱ्हाडी-फावडी घेऊन आली. ओर्फिलिया उतरली आणि त्यांच्याबरोबर चिखल उपसायला लागली. इंजिन चालू ठेवलं होतं, कारण बॅटरी मेलेली आणि गाडी गरम झाल्यावर एकदा बंद पडली की ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, आणि ढकलायला पुढे जागा नव्हती. तिथे आम्ही किती वेळ उभे होतो मला सांगता येणार नाही. कळा थांबत नव्हत्या आणि मूल पुढे सरकत नव्हतं. मला वाटलं, इथेच संपतंय. आई देवाचं नाव घ्यायची विसरली होती, नुसती कुऱ्हाडीकडे बघत होती.

तुझे बाबा खाली उतरले. बॉनेटवर तळहात ठेवून पावसात उभे राहिले. त्यांना ऐकू येत नाही, हाताने कळतं. दर थोड्या वेळाने माझ्याकडे वळून बघायचे आणि मान हलवायचे, की चालू आहे. मी त्यांच्या मानेकडे बघत राहिले. इंजिन एकदाही चढलं-पडलं नाही. माझ्या आत सगळं उलटंपालटं होत होतं आणि तेवढा एक आवाज सरळ होता.

झाड बाजूला झालं. इस्पितळात त्यांनी पोट कापून मूल काढलं. डॉक्टर म्हणाला, आणखी उशीर झाला असता तर दोघींपैकी एक राहिली असती. कोणती, ते मी विचारलं नाही.

ती लहान आहे, डोक्यावर खूप केस. नाव ठेवलेलं नाही.

काबीमासचं तू ठरव. मी तुला बोलावण्यासाठी लिहीत नाहीये. तू मूल बघायला येणार असशील तर ये, तो तुझा हक्क आहे. पण माझ्यासाठी येणार असशील तर तसं सांगून ये. दोन्ही एकत्र करून येऊ नकोस, मला वेगळं करता येणार नाही. पुढच्या आठवड्यात मी वर आईकडे जाते आहे.

निदिया

*

एल मिराडोर
डोन्या बेत्साबेच्या ओसरीवर, बुधवार

निदिया,

हा कागद ओर्फिलियाच्या हाती आत पाठवतोय. तुझी आई म्हणते, तू झोपली आहेस. ती हे तिसऱ्यांदा सांगतेय आणि आत तुझ्या चपलांचा आवाज येतोय.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. गॅरेजमध्ये एका ट्रकखाली पडून होतो, तिथेच वाचलं. बाहेर आल्यावर मुकादमाने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, मी जातोय. सही केली नाही. बसमध्ये तुला सांगायचं खूप काही ठरवलं होतं. सरहद्दीवरच्या कूकुतापर्यंत ते चांगलं वाटत होतं, आर्मेनिया येईपर्यंत त्यातलं काही उरलं नाही.

तू विचारलंस, कोणासाठी आलास. पत्र उघडलं तेव्हा पहिल्या ओळीत मूल होतं आणि मी ते वाचलं. मग कळा थांबत नव्हत्या तिथपर्यंत आलो, आणि पुढे काय होतं ते बघायला पान उलटायचा मला धीर होईना. तू लिहिलेलं पत्र हातात होतं, म्हणजे तू जिवंत होतीस, हे कळायलाही मला वेळ लागला. तेव्हा माझ्या डोक्यात मूल नव्हतं. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, बापाने असं लिहू नये. पण तू वेगळं करून सांग म्हणालीस, म्हणून सांगितलं.

पाऊस सुरू झालाय. बाबा आणि ओर्फिलिया खाली जायला निघतायत, मी त्यांना जा म्हटलंय. तुझ्या आईने मला बसायला स्टूल दिलं नाही, पण आत्ता कॉफी आणून पायरीवर ठेवली आणि आत गेली.

आत आपली पोर रडतेय. मला पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकू येतोय. दार तू उघडायचं तेव्हा उघड. मी बाहेर आहे.

लिबार्दो